टोपलीतला मासा, लेकराचा धडा



नदीकाठच्या एका प्राण्याला आपण मराठीत पाणमांजर म्हणतो. कन्नडमध्ये त्यालाच नीरुनायी, म्हणजे पाण्यातलं कुत्रं म्हणतात. मग ते मांजर की कुत्रं? आज घरातल्या तिसरी-चौथीच्या लेकराला विचारून बघा. खरं उत्तर : दोन्ही नाही, आणि मासाही नाही. अंगावर केस आहेत, पिल्लांना दूध पाजतं, म्हणून तो सस्तन प्राणी.

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, अफझलपूर भागातल्या आपल्या लेकरांची अडचण इथंच आहे. कारंजा, मांजरा, भीमा, अमरजाच्या काठावर वाढलेलं पोर लांबूनच मासा ओळखतं. पण पेपरात "झिंगा हा मासा आहे का?" असं आलं की "हो" लिहून येतं. घरी एक नाव, कन्नडच्या तासाला दुसरं. मग येत असूनही पोरगं वर्गात गप्प बसतं, आणि आपणच म्हणतो, "याचं डोकं चालत नाही." डोकं चालतं हो. त्याच्या माहितीला शाळेचे शब्द जोडून द्यायचे आहेत. जाळं आवरताना दहा मिनिटं पुरे.

१. मासा कशाला म्हणायचं?
रोहू हातात द्या. खवले, पर, कल्ले दाखवा. कल्ले उचलून आतला लाल भाग दाखवा, मासा त्यानं पाण्यातली हवा घेतो. जेवताना मधला काटा दाखवा, तो पाठीचा कणा. आता झिंगा द्या. कल्ले त्यालाही आहेत, पण कणा कुठंय? नाही. खेकड्यालाही नाही. खेकड्याचे पाय मोजायला लावा, नांग्या धरून दहा. झिंगा आणि खेकडा एका भावकीतले, मासा वेगळा.

२. तोंड बघ, जेवण सांग.
कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या पाण्यात खातो. रोहू मधल्या पाण्यात. मृगळाचं तोंड खाली, तो तळाचं खातो. म्हणूनच तिघं एका तळ्यात सुखानं राहतात. "कुठलं जाळं किती खोल टाकायचं?" असं पोराला विचारा, बघा कसं सांगतंय.

३. श्वास कोण कसा घेतो?
मरळ टोपलीत बराच वेळ जिवंत राहते, कारण ती वरची हवाही घेते. बेडकाचं पिल्लू कल्ल्यानं श्वास घेतं, मोठं झाल्यावर फुप्फुसानं. कासवाला फुप्फुसंच, ते श्वासासाठी वर येतं. जाळ्यात अडकून पाण्याखाली राहिलं तर गुदमरून मरतं. म्हणून दिसलं की लेकरासमोरच सोडून द्या. हा धडा ते विसरणार नाही.

४. पिल्लं कोण सांभाळतं?
मरळीचे आई-बाप दोघंही पिल्लांच्या थव्याची राखण करतात. चिलापीची मादी अंडी तोंडात धरते. रोहू-कटला मात्र पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी सोडून निघून जातात. साठलेल्या तळ्यात ते अंडी घालत नाहीत, म्हणून आपल्याला बोटुकली आणून सोडावी लागतात. पावसाळ्यात अंड्यांनी भरलेली मादी का सोडायची, हे पोराला इथंच सांगा. उद्याचं जाळं त्याच्याच हातात असणार आहे.

५. दोन्ही नावं पाठ.
मासा – मीनू. झिंगा – सीगडी. खेकडा – एडी. बेडूक – कप्पे. कासव – आमे. साप – हावू. वहीत चित्र काढून खाली दोन्ही नावं लिहायला लावा. आईला लिहिता येत नसेल तर आईनं बोलावं, पोरानं लिहावं.

जपून : शिंगटीच्या काट्याला लहान हात लावू देऊ नका. जाळ्यात साप आला तर "दिवडच आहे" म्हणून पोराच्या हातात देऊ नका. चावला तर मांत्रिक नको, सरळ सरकारी दवाखाना. शेवटी साबणानं हात धुवा.

आणि एक विनंती. गुरुजी, बाईंना भेटून सांगा, "एक दिवस वर्ग काठावर आणा, मासे आम्ही दाखवतो." त्या दिवशी आपलं पोरगं मागच्या बाकावर बसणार नाही. तेच सगळ्यांना शिकवेल.