ऑनलाइन दुकान: एका ऑर्डरमागे किती सुटतात?

ऑनलाइन दुकान काढायला महिन्याला किती लागतात, हे सगळेच विचारतात. पण पैसे गळतात ते महिन्याच्या भाड्यात कमी आणि ऑर्डरमागच्या बारीकसारीक कापाकापीत जास्त. त्यातच दर थोड्या महिन्यांनी प्लॅटफॉर्म एखादे नवे फीचर आणतात. कधी एआय वर्णन लिहून देते, कधी चेकआउट एका टिचकीत होतो, कधी व्हॉट्सअॅपवर आपोआप आठवण जाते. त्यातले काही प्लॅनमध्येच मिळते, काहीचे बिल वेगळे येते. म्हणून प्रत्येक खर्चाला एकच प्रश्न विचारायचा: ग्राहकाच्या घरी पोहोचून परत न आलेल्या एका ऑर्डरमागे हा किती रुपये पडतो?

स्वतःचे दुकान: भाडे आणि टक्के

ऑनलाइन दुकान भाड्याने देणाऱ्या शॉपिफायचा बेसिक प्लॅन वर्षाचे पैसे एकदम भरल्यास महिन्याला साधारण दीड हजाराला पडतो, दरमहा भरल्यास दोन हजारांच्या आसपास. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही, त्यामुळे बाहेरचे पेमेंट गेटवे जोडावे लागते आणि त्याबद्दल बेसिक प्लॅनवर शॉपिफाय विक्रीचे २ टक्के आकारते. रेझरपेसारख्या गेटवेचा नेहमीचा दर २ टक्के अधिक त्यावर १८ टक्के जीएसटी असा असतो.

समजा ५०० रुपयांची ऑर्डर आली. गेटवेला ११.८० रुपये गेले, शॉपिफायला १० रुपये. महिन्याला ३० ऑर्डरी असतील तर भाड्याचे आणखी ५० रुपये प्रत्येक ऑर्डरवर बसतात, म्हणजे एकूण सुमारे ७२ रुपये. ऑर्डरी ३०० झाल्या की तोच आकडा २७ रुपयांवर येतो. विक्री रुजेपर्यंत भाडे जड जाते, विक्री वाढली की टक्के जड जातात.

वूकॉमर्स हे वर्डप्रेसवरचे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि विक्रीवर टक्का घेत नाही. होस्टिंग, डोमेन आणि देखभाल मात्र आपल्या खिशातून. साइट बंद पडली तर ती उठवणारा माणूस ठरलेला नसेल, तर तिकडे वळू नका. डोमेन घेताना पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नका, नूतनीकरणाचा दर आधी विचारा.

शून्य कमिशन, पण फुकट नव्हे

दुसरा मार्ग मार्केटप्लेसचा, म्हणजे दुसऱ्याच्या ऑनलाइन बाजारात विकण्याचा. मीशोने २०२१पासून विक्रेत्यांकडून कमिशन घेणे बंद केले. अॅमेझॉनने एप्रिल २०२५पासून भारतात ३०० रुपयांच्या आतल्या वस्तूंवरचे रेफरल शुल्क (म्हणजे कमिशनच) शंभराहून अधिक प्रकारांत काढून टाकले. फ्लिपकार्टनेही त्याच वर्षाच्या अखेरीस हजार रुपयांच्या आतल्या मालासाठी तशी घोषणा केली. स्वस्त माल विकणाऱ्याला याचा खरा फायदा आहे.

मात्र कमिशन हा अनेक शुल्कांपैकी एकच भाग. प्रत्येक वस्तूमागचे ठरावीक शुल्क, वजनानुसार पाठवणी, रिटर्नचा खर्च आणि जाहिरात हे सगळे वेगळे असू शकते. शोधयादीत वर दिसण्यासाठीच्या जाहिरातीत प्रत्येक क्लिकचे पैसे जातात, वस्तू विकली जावो अथवा न जावो. समजा एका क्लिकला ५ रुपये पडतात आणि २० क्लिकमागे एक ऑर्डर येते. मग त्या ऑर्डरवर जाहिरातीचेच १०० रुपये चढले. अशा वेळी वाचलेल्या कमिशनचा आनंद फार टिकत नाही. घोषणेपेक्षा आपल्या खात्यातले पेमेंटचे विवरणपत्र बघा: विक्री किती, हातात किती आले.

नवी फीचर: कोणते घ्यावे, कोणते सोडावे

*एआय वर्णन आणि फोटो.* शॉपिफायचे 'मॅजिक' प्लॅनमध्येच मिळते. बिनधास्त वापरा, पण प्रत्येक ओळ वाचून पाहा. मसाल्याच्या पाकिटाला एआयने स्वतःहून 'सेंद्रिय' चिकटवले किंवा सुती मिश्रणाला 'शुद्ध सुती' म्हटले, तर भुर्दंड तुम्हालाच. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२०नुसार माल जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही.

*व्हॉट्सअॅप.* बिझनेस अॅप आणि त्यातला कॅटलॉग फुकट आहे. सुरुवातीला तेवढे पुरते. एकगठ्ठा संदेशांसाठी एपीआय लागते, आणि जुलै २०२५पासून तिथे टेम्पलेट (आधी मंजूर करून घेतलेल्या साच्यातल्या) संदेशांचे पैसे दर संदेशामागे मोजले जातात. जाहिरातीच्या संदेशाला पाऊण ते एक रुपया धरा. जीएसटी आणि मधल्या कंपनीची फी वेगळी. हजार जणांना संदेश पाठवला आणि चार ऑर्डरी आल्या, तर ऑर्डरमागे दोनशेच्या वर गेले. तोच संदेश फक्त जुन्या गिऱ्हाइकांना पाठवला तर गणित बदलते.

*झटपट चेकआउट.* मोबाइल नंबर टाकताच पत्ता आपोआप भरणारी सेवा अर्ध्यावर सोडलेल्या खरेदीचे प्रमाण घटवू शकते. पण ती बहुधा प्रत्येक ऑर्डरवर टक्का मागते. महिनाभर चालवून पाहा, पुढचा महिना बंद ठेवा आणि दोन्हींची तुलना करा. मधे दिवाळी येणार नाही एवढी काळजी घ्या.

*'फक्त २ शिल्लक' आणि उलटी मोजणी.* अशी अॅप ढिगाने मिळतात. मात्र ३० नोव्हेंबर २०२३च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला फसवणाऱ्या १३ युक्त्या नोंदवल्या आहेत आणि खोटी घाई त्यांत आहे. गिऱ्हाइकाच्या टोपलीत न विचारता जादा वस्तू घालणे आणि शेवटच्या पायरीवर नवे शुल्क दाखवणेही आहे. विक्रेतेही या तत्त्वांच्या कक्षेत येतात. साठा खरोखर दोनच असेल तरच तसे लिहा.

कुरिअर: खोक्याचे माप आणि सीओडी

कुरिअर नुसते वजन बघत नाही, आकारही मोजते. बऱ्याच ठिकाणी लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,०००ने भागतात. येणारा आकडा आणि खरे वजन यांतला जो मोठा, त्यावर दर लागतो. चारशे ग्रॅमची वस्तू ३० × २० × १५च्या खोक्यात घातली, तर हिशोब १.८ किलोचा होतो. तीच २० × १५ × ८च्या खोक्यात बसली, तर ०.४८ किलोचा. दर अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी वाढत असेल, तर चार टप्प्यांचे पैसे एकावर येतात. नव्या फीचरआधी मोजपट्टी काढा.

दुसरी गळती सीओडीची, म्हणजे माल हाती आल्यावर पैसे देण्याच्या सोयीची. समजा जाण्याचे ७० आणि परत येण्याचे ७० रुपये. दहापैकी दोन ऑर्डरी परत आल्या तर २८० रुपये पाण्यात, म्हणजे उरलेल्या आठ ऑर्डरींवर प्रत्येकी ३५ रुपये. सीओडी एकदम बंद केली तर विक्री पडण्याची भीती असते. त्यापेक्षा थोडी आगाऊ रक्कम घ्या, आगाऊ पैसे भरणाऱ्याला छोटी सवलत द्या, पाठवण्याआधी एक फोन करा. हा फोन सगळ्यांत स्वस्त फीचर आहे.

कर: कापले गेले, पण बुडाले नाहीत

मार्केटप्लेस तुमच्या पैशांतून जीएसटीचा टीसीएस ०.५ टक्के कापते. १० जुलै २०२४पूर्वी तो १ टक्का होता. आयकराचा टीडीएस १ ऑक्टोबर २०२४पासून ०.१ टक्का आहे. दोन्ही तुमच्या नावावर जमा होतात. टीसीएस जीएसटी पोर्टलवर स्वीकारून रोख खात्यात घ्या, टीडीएस विवरणपत्रात दाखवा. खर्चाच्या रकान्यात ते लिहू नका.

महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर १ ऑक्टोबर २०२३पासून जीएसटी नोंदणीशिवायही मार्केटप्लेसवर माल विकता येतो. पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि विक्री राज्यातल्या राज्यातच करावी लागते. पुण्याहून नागपूरला पाठवा, बेळगाव किंवा पणजीला नाही. खाद्यपदार्थ विकायचे असतील तर एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतोच.

पैसे भरण्याआधी विचारा

• हे फीचर प्लॅनमध्येच आहे, की वेगळे बिल? महिन्याचे, की ऑर्डरमागे?
• सांगितलेल्या दरात जीएसटी धरला आहे का?
• ऑर्डर परत आली तर घेतलेला टक्का परत मिळतो का?
• चाचणी संपल्यावर पैसे आपोआप कापले जातात का? बंद कुठून करायचे?
• प्लॅटफॉर्म सोडताना ग्राहकांची आणि मालाची यादी सोबत नेता येते का?

उत्तरे ईमेलवर मागा, तोंडी नकोत. दर महिन्याच्या सुरुवातीला न चुकता गेल्या महिन्याचे विवरणपत्र उघडा. हाती आलेल्या रकमेतून मालाची किंमत, वेष्टन, कुरिअर आणि अॅपची बिले वजा करा आणि उरलेल्या रकमेला पोहोचलेल्या ऑर्डरींनी भागा. हा आकडा सलग तीन महिने वाढत असेल, तर पुढच्या प्लॅनचा विचार करा. घसरत असेल, तर सगळ्यांत शेवटी घेतलेले फीचर सगळ्यांत आधी बंद करा.