गटाची गाडी, आपल्या हाती : बॅटरीचं टर्मिनल आणि दाराचं पॅनल



कोणाच्या गटाची पिकअप भाजी घेऊन बाजाराला जाते, कोणाची दुधाचे कॅन नेते, कोणाची डाळीची पोती. २०१७ साली राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानात ‘आजीविका ग्रामीण एक्सप्रेस’ ही उपयोजना आली. गटातल्या सदस्यांनीच गाडी चालवावी आणि त्यातून कमवावं, हा तिच्यामागचा विचार. म्हणजे गाडी घेणं, चालवणं आता आपल्यासाठी नवं नाही. पण गाडी बंद पडली की अजूनही आपण एकच वाक्य बोलतो, “मेस्त्रीला बोलवा.”

थोडा हिशोब मांडा. समजा गाडीचा हप्ता महिन्याला ९,००० रुपये आहे. म्हणजे दिवसाला ३०० रुपये झाले. गाडी पळो की उभी राहो, हे ३०० रुपये द्यावेच लागतात. त्यात त्या दिवसाचं भाडं बुडालं, माल सुकला, मेस्त्रीची मजुरी गेली. आणि पुष्कळदा बिघाड काय निघतो? बॅटरीच्या टोकाला साचलेली चिमूटभर भुकटी! म्हणून या अंकात दोन कामं शिकूया. दोन्ही कामं दहावी न शिकलेली ताईसुद्धा करू शकते.

आधी बिघाड ओळखा

सकाळी चावी फिरवली आणि “गाडी चालूच होऊन नाही राहिली” असं झालं, तर लगेच धक्का मारायला माणसं गोळा करू नका. हेडलाइट लावा आणि एकीला लाइटसमोर उभी करून सेल्फ मारा.

लाइट एकदम मंद झाला किंवा नुसती टिक-टिक आली, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिलं, खराब आहे. हे आपलं काम. लाइट झगझगीत आहे आणि सेल्फचा आवाजच नाही, तर बिघाड सेल्फमध्ये किंवा वायरिंगमध्ये असू शकतो. ते मेस्त्रीचं काम.

भुकटी कुठून येते?

बॅटरीत गंधकाचं आम्ल म्हणजे ॲसिड असतं. त्याची वाफ टोकाजवळून झिरपते आणि शिसं, तांबं या धातूंना खाते. तिथे पांढरी, निळसर-हिरवी भुकटी साचते. या भुकटीतून वीज नीट जात नाही. बॅटरी भरलेली असली तरी सेल्फपर्यंत पुरेशी वीज पोचत नाही.

उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे : खाण्याचा सोडा. आम्लाला अल्क मारतं. आपल्या लोणारच्या सरोवराचं पाणी अल्कधर्मी आहे आणि पूर्वी तिथून खार काढत, हे आपल्याला माहीत आहे. खाण्याचा सोडाही तसाच अल्कधर्मी. तो ॲसिडवर पडला की फेस येतो. फेस थांबला म्हणजे तिथलं ॲसिड संपलं.

हात लावण्यापूर्वी

* हातातल्या धातूच्या बांगड्या, अंगठी, गळ्यातलं मंगळसूत्र काढून ठेवा. धातू दोन्ही टोकांना एकदम लागला तर तो क्षणात लालबुंद होतो आणि कातडी भाजते.
* पदर खोचा. ॲसिडचा थेंब पडला तर सुती कापडाला भोक पडतं. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा घाला.
* चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो पेट घेतो. जवळ बिडी, काडेपेटी, कंदील नको.
* डोळ्यात ॲसिड गेलं तर चोळू नका. किमान १५ मिनिटं स्वच्छ पाण्याच्या धारेने डोळा धुवा आणि थेट दवाखाना गाठा.

टर्मिनल साफ करायची रीत

सामान : पाना (बहुतेक ठिकाणी १० नंबरचा लागतो), दात घासायचा जुना ब्रश, पॉलिश पेपर, एक पेला कोमट पाण्यात एक मोठा चमचा सोडा, कोरडं फडकं, व्हॅसलीन.

१. गाडी बंद करून चावी काढा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत इलेक्ट्रॉनिक भाग जास्त असतात, म्हणून चावी काढल्यावर चार-पाच मिनिटं थांबा. इंजिन चालू असताना टर्मिनल कधीच काढू नका, अल्टरनेटर जळू शकतो.

२. बॅटरी काही गाड्यांत बॉनेटखाली, तर काहींत बॉडीखाली चेसिसच्या बाजूला असते. तिच्यावर अधिक (+) आणि वजा (–) अशी खूण बघा. अधिकचं टोक वजापेक्षा थोडं जाड असतं.

३. काढताना आधी वजा, मग अधिक. कारण गाडीचा सगळा पत्रा वजाला जोडलेला असतो. आधी अधिक काढायला गेलात आणि पाना पत्र्याला लागला, तर ठिणगी उडते.

४. सोड्याचं पाणी टोकांवर आणि क्लॅम्पवर थोडं थोडं टाका, ब्रशने घासा. बॅटरीची झाकणं घट्ट बंद असू द्या. सोडा आत गेला तर आतलं ॲसिड मरतं आणि बॅटरी वाया जाते.

५. साध्या पाण्याने पुसा, कोरडं करा. पॉलिश पेपरने टोक आणि क्लॅम्पची आतली बाजू चकाकेपर्यंत घासा.

६. लावताना आधी अधिक, मग वजा. हाताने हलवून बघा, क्लॅम्प जराही फिरायला नको. वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा.

पुष्कळ जण क्लॅम्प ढिला झाला की दगडाने ठोकतात. असं करू नका. ठोकल्याने टोक आतून तुटतं आणि चांगली बॅटरी कायमची जाते. क्लॅम्प चिरलेला असेल तर नवा आणा. दोन्ही टर्मिनल काढलेली असतानाच हे काम करा. वायरचा खराब तुकडा कापा, दीड सेंटीमीटर रबर सोला, तांब्याच्या तारा घासून नव्या क्लॅम्पच्या पट्टीखाली दोन्ही स्क्रूंनी घट्ट आवळा. अधिकचा आणि वजाचा क्लॅम्प वेगळा मिळतो, दुकानात तसं सांगून घ्या.

साधा मल्टिमीटर प्रभागसंघाने एक घेऊन ठेवला तर सगळ्यांना उपयोगी पडेल. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या आसपास आली तर ती उतरली आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. तेवढे दिसले नाहीत तर चार्जिंगमध्ये दोष आहे, मेस्त्रीला दाखवा.

पाणी कोणतं घालायचं?

घाटाखाली उन्हाळा कडक. इंजिनाजवळच्या बॅटरीतलं पाणी झपाट्याने आटतं. झाकणाची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर १५ दिवसांनी बघा. पाणी खुणेपर्यंतच भरा आणि ते फक्त डिस्टिल्ड वॉटर असावं. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा भागात पूर्णाकाठचा खारपाणपट्टा आहे. तिथल्या बोअरच्या पाण्यातले क्षार बॅटरीच्या पट्ट्या खराब करतात. पण घाटावरचं गोड पाणी, फिल्टरचं पाणीसुद्धा चालत नाही. वरून ॲसिड कधी घालू नका.

आता दाराचं पॅनल

काच वर येत नाही, आतला हँडल ओढला तरी दार उघडत नाही. पावसाळ्यात काच अर्धी राहिली तर माल आणि सीट दोन्ही भिजतात. आणि दार आतून उघडत नसेल तर अपघाताच्या वेळी जीवावर बेततं. हा बिघाड “चालतंय” म्हणून सोडू नका. पुष्कळदा आतल्या सळईची प्लास्टिकची क्लिप निघालेली असते, एवढंच.

१. दारात इलेक्ट्रिक काच किंवा स्पीकर असेल तर आधी बॅटरीचं वजा टर्मिनल काढा. दारावर एअरबॅगची खूण असेल तर दार उघडून बसू नका, सर्व्हिस सेंटरला न्या.

२. काच फिरवायचा दांडा काढा. काहींत मधल्या टोपणाखाली स्क्रू असतो. स्क्रू नसेल तर दांड्यामागे घोड्याच्या नालासारखी तारेची क्लिप असते. दांडा आणि पॅनल यांच्या फटीत फडकं घालून बूट पुसतो तसं इकडून तिकडे ओढा, क्लिप बाहेर येते. ती उडते, दुसरा हात आडवा धरा.

३. हात टेकायच्या जागेचे आणि आतल्या हँडलच्या चौकटीचे स्क्रू काढा. कोणता स्क्रू कुठला, हे ताटलीत क्रमाने ठेवा. मोबाइलवर फोटो काढा.

४. चपट्या पेचकसाला कापड गुंडाळा. पॅनलच्या खालच्या कोपऱ्यात, क्लिपच्या अगदी जवळ घालून हळूच उचला. ‘टक’ आवाज आला की एक क्लिप सुटली. सगळ्या सुटल्या की पॅनल वर उचलून काढा. मागे वायर असेल तर तिचा जोड हाताने सोडवा, हिसका देऊ नका.

५. आतला प्लास्टिकचा कागद फाडू नका. तो पावसाचं पाणी अडवतो. एका बाजूने सोलून ठेवा आणि नंतर तसाच चिकटवा.

६. आता एकीने हँडल ओढावा, दुसरीने बॅटरीच्या उजेडात आत बघावं. सुटलेली सळई जागेवर बसवा, क्लिप तुटली असेल तर नवी लावा. काचेच्या सरकपट्टीला ग्रीस लावा. पत्र्याला धार असते, हाताला मोजे हवेतच.

७. दाराच्या तळाशी पाणी जायची बारीक भोकं असतात. मातीने ती बुजली की पत्रा आतून गंजतो. काडीने मोकळी करा.

८. पॅनल बसवण्याआधी काच आणि हँडल दहादा चालवून बघा. मग क्लिपा हाताने दाबून बसवा.

जुन्या बॅटरीचं काय?

भंगारवाल्याला देऊ नका, घरी फोडू नका. तिच्यातलं शिसं विषारी आहे आणि लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानात परत करा, तिची किंमत बिलात वजा करून घ्या आणि पावती मागा.

बैठकीत काय करायचं?

गटाची पंचसूत्री आपल्याला पाठ आहे : नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब. गाडी असलेल्या गटाने त्यात सहावं जोडावं, नियमित देखभाल. एक ‘गाडी वही’ घाला. तारीख, टर्मिनल साफ केलं का, पाणी घातलं का, कोणी केलं, मेस्त्रीला किती दिले, एवढे रकाने पुरेत. गाडी वॉरंटीत असेल तर काहीही उघडण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा आणि तेही वहीत लिहा.

पुढच्या बैठकीनंतर गाडी अंगणात घ्या आणि दोघींनी टर्मिनल साफ करून बाकीच्यांना दाखवा. चालवणाऱ्या ताईबरोबर आणखी एकीला तरी हे यायलाच हवं. एकच जण शिकली आणि ती माहेरी गेली, तर गाडी पुन्हा मेस्त्रीची वाट बघत उभी राहील.