जुनी अल्टो, डब्यांचा धंदा आणि दहा नंबरचा पाना



व्हिडिओमध्ये बॉनेट उघडून हात दाखवता येतात, पण हिशोब नीट मांडता येत नाही. म्हणून हिशोब इथे लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

आपल्या बॅचमधल्या एका ताईंची गोष्ट. चिंचवडला घरून डबे करतात आणि हिंजवडीला पोचवतात. गाडी जुनी अल्टो, सेकंड हँड. एका मंगळवारी सकाळी पावणेबाराला ५८ डबे गाडीत भरले, चावी फिरवली, नुसतं 'कट्' असा आवाज. मेकॅनिकला फोन केला, तो आला दीड वाजता. त्याने बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खरवडला, नट आवळला, गाडी सुरू! पाच मिनिटांचं काम. डबे पोचले सव्वादोनला. तोवर ३१ जणांनी कँटीनमध्ये जेवून घेतलं होतं. ८० रुपयांच्या हिशोबाने २,४८० रुपये गेले, मेकॅनिकचे ३५० वेगळे. म्हणजे एका सैल नटाची किंमत २,८३० रुपये. आणि त्या ३१ जणांपैकी किती जण पुढच्या महिन्यात डबा बंद करणार, ते कुठल्याच वहीत लिहिता येत नाही.

आता मुद्द्याचं बोलू. "गाडीचं काम स्वतः केलं की पैसे वाचतात" असं सगळे सांगतात. खरं सांगू? मजुरीचे पैसे फारसे वाचत नाहीत. छोट्या गाडीची मजुरी मुळात कमीच असते. वाचतो तो बंद पडण्याचा दिवस. धंद्याच्या गाडीचा हिशोब घरच्या गाडीपेक्षा वेगळा असतो. घरची गाडी बंद पडली तर आपण रिक्षा करतो, धंद्याची बंद पडली तर गिऱ्हाईक जातं.

अल्टोचंच उदाहरण का? आपल्या बऱ्याच जणांची पहिली गाडी हीच असते. २००० साली ती बाजारात आली. जुन्या मॉडेलमध्ये ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं साधं इंजिन आहे, बॉनेटखाली हात घालायला जागा आहे आणि पार्ट तालुक्याच्या गावातही मिळतात. पण तुमची गाडी नवी असेल, वॉरंटीत असेल, तर पाना खाली ठेवा. वॉरंटी संपेपर्यंत कंपनीच्या सर्व्हिसचा रेकॉर्ड जपा.

सुरुवात बॅटरीपासून करू, कारण ताईंचं नुकसान तिथेच झालं. दहा नंबरचा पाना घ्या. गाडी बंद, चावी बाहेर. आधी मायनसची वायर सोडवायची, मग प्लसची. लावताना उलटं, आधी प्लस आणि शेवटी मायनस. हा क्रम चुकला आणि पाना प्लसवर असताना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. थर जमला असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या. डोळ्यांत उडू देऊ नका, तो थर अ‍ॅसिडचा असतो. तीन महिन्यांतून एकदा, वीस मिनिटं. आणि बॅटरी घेतल्याची तारीख मार्करने बॅटरीवरच लिहून ठेवा. सकाळी स्टार्टर जड फिरायला लागला की बॅटरी तपासून घ्यायची, पूर्ण बसायची वाट बघायची नाही.

दुसरी गोष्ट कूलंट. इथे जरा थांबा, कारण छोटी गाडी सगळ्यात महागात पाडते ती इथेच. इंजिन तापून हेड गॅस्केट गेलं की हेड उतरवावं लागतं, गाडी काही दिवस गॅरेजमध्ये आणि खर्च हजारांत. तो टाळायला लागतं काय? रोज सकाळी इंजिन थंड असताना कूलंटच्या बाटलीवरच्या दोन रेघांमध्ये पातळी आहे का, एवढं बघायचं. सारखं भरावं लागत असेल तर ते कुठेतरी जातंय, हे समजून घ्या. नुसतं नळाचं पाणी ओतत राहू नका, आतून गंज धरतो. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीही, अगदी कधीही उघडायचं नाही. आत दाब असतो, उकळतं पाणी तोंडावर येतं.

तापण्याची वेळसुद्धा बरंच सांगते. सिग्नलला उभी असताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर संशय रेडिएटरच्या फॅनवर. फ्यूज बघा, कदाचित काही रुपयांत काम होईल. खंबाटकीच्या चढावर भरलेली गाडी तापते, तर कूलंट कमी, रेडिएटर चोंदलेला किंवा थर्मोस्टॅट अडकलेला. हे मेकॅनिकचं काम, पण तुम्ही त्याला "गाडी तापते" असं न सांगता "चढावर तापते, सिग्नलला नाही" असं सांगितलंत की त्याचा अर्धा वेळ आणि तुमचे पैसे वाचतात. रस्त्यात काटा लालच्या जवळ गेला तर एसी बंद, हीटर फुल, बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि निदान अर्धा तास थांबा. "जवळच आलंय, पोचवून येतो" म्हणणाऱ्यांचीच हेड उतरतात.

ऑइलची डिपस्टिक आठवड्यातून एकदा, सपाट जागेवर, इंजिन थंड असताना. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, ते होतंच. दुधाळ, चहासारखं दिसलं तर मात्र गाडी चालवू नका, कूलंट मिसळत असण्याची शक्यता आहे. (पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत नुसत्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस दिसतो, तो बऱ्याचदा दमटपणाचा असतो.)

ऑइल स्वतः बदलावं का? माझं मत, नाही. मजुरी समजा २५० रुपये. स्वतः करायला पहिल्यांदा दोन तास, गाडीखाली शिरणं, वर काळ्या ऑइलचं करायचं काय हा प्रश्न. ते गटारात ओतणं तर सोडूनच द्या. त्या दोन तासांत एक नवीन ऑर्डर आणता येते. त्याऐवजी मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ऑइल आणि फिल्टर स्वतः दुकानातून बिलासकट घ्या, गॅरेजला द्या आणि समोर उभं राहून करून घ्या. एअर फिल्टर मात्र स्वतःच बदला. क्लिपा काढायच्या, जुना काढायचा, नवा बसवायचा, दहा मिनिटं लागतात.

टायरचं प्रेशर सकाळी, गाडी फार न चालवता. किती ठेवायचं ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं, भरलेल्या गाडीचा आकडा बहुधा वेगळा असतो आणि डबे-मालासाठी तोच बघायचा. स्टेपनीत हवा भरायला सगळेच विसरतात.

ब्रेक, स्टीअरिंग, सस्पेन्शन, सीएनजीची लाइन, यांना हात लावायचा नाही. ब्रेक ऑइलची पातळी बघायची, ती उतरत असेल किंवा पेडल मऊ लागत असेल तर त्याच दिवशी गॅरेज. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणत्याही कारणाने शिरायचं नाही. आणि सेकंड हँड ७९६ सीसी घेतली असेल तर टायमिंग बेल्टचं बिल मागा. तो रबरी पट्टा असतो, बाहेरून दिसत नाही, तुटला की गाडी जागेवर बंद. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा आणि मेकॅनिककडून बदलून घ्या. के-टेन इंजिनला साखळी असते, तिथे हा खर्च नाही.

आता वही. डॅशबोर्डच्या खणात एक ठेवा: तारीख, किलोमीटर, काय केलं, किती रुपये. टाकी फुल करून लिटर लिहा. ४०८ किलोमीटरला २४ लिटर लागलं, म्हणजे १७ चा अ‍ॅव्हरेज. तो १४ वर आला तर महिन्याच्या १,५०० किलोमीटरला साधारण १९ लिटर जास्त जातं. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर दोन हजारांच्या आसपास. कारण बऱ्याचदा टायरमधली कमी हवा, चोंदलेला फिल्टर, जुने प्लग किंवा घासणारा ब्रेक असतं. वही नसेल तर हे दोन हजार "पेट्रोल महागलं" या नावाखाली निघून जातात.

एक गोष्ट पाना-पक्कडीची नाही, पण सांगतोच. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत 'लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज' असा एक परिच्छेद असतो. त्यात सहसा भाड्याने वापर आणि मालवाहतूक वगळलेली असते, फक्त नमुने आणि स्वतःचं सामान चालतं. म्हणजे रोज डबे वाहणाऱ्या पांढऱ्या पाटीच्या गाडीला अपघात झाला तर क्लेमवर प्रश्न येऊ शकतो. विमा कंपनीला आपला वापर लेखी कळवा आणि उत्तर लेखीच घ्या. गाडीची नोंद बदलायची गरज आहे का, ते आरटीओत विचारा. ताईंनाही हे माहीत नव्हतं. त्यांनी आता पत्र दिलंय, उत्तर यायचंय.

या आठवड्याचा गृहपाठ: रविवारी सकाळी बॉनेट उघडा, टर्मिनल, कूलंट, डिपस्टिक आणि स्टेपनी बघा आणि वहीचं पहिलं पान भरा. पुढच्या व्हिडिओत स्पार्क प्लग घेऊ, त्यासाठी प्लगचा पाना आणून ठेवा.