घरचं वायफाय चालू, पण नेट बंद? आधी दिवे बघा, मग हात लावा



आज जाळं-इंजिनाचं नाही, घरातल्या राउटरचं बोलू. आता हवामान खात्याचा इशारा, इन्कॉईसचा लाटांचा आणि मासळीच्या पट्ट्याचा अंदाज, बोटीचे कागद, डिझेलचा हिशोब, सगळं नेटवरच येतं. नेट ऐन वेळी बंद पडलं तर काय होतं, ते माझ्याच घरी घडलेलं सांगतो.

गणपतीचे दिवस होते. भावाची बोट पहाटेच्या भरतीला तापीच्या मुखातून बाहेर पडणार होती. आपल्याकडे भरती गेली की बोट चिखलात बसते, त्यामुळे निर्णय वेळेतच घ्यावा लागतो. रात्री वहिनींचा फोन आला, "भावजी, वायफाय दिसतंय पण काहीच उघडत नाही. उद्याचा इशारा बघायचाय." घरात वायफाय आहे म्हणून मोबाईलचा नेटपॅक कोणी मारलाच नव्हता. मी गेलो. राउटरवर लाल दिवा. मला वाटलं रिसेट केलं की होईल, म्हणून मागच्या छोट्या भोकात टाचणी खुपसली. झालं! वायफायचं नाव गेलं, पासवर्ड गेला, सगळी सेटिंग पुसली गेली आणि लाल दिवा तसाच. शेवटी शेजारच्यांच्या फोनवर इशारा बघितला. समुद्र खवळणार होता. बोट थांबली.

सकाळी कारागीर आला. मखरासाठी कपाट सरकवलं होतं, त्याखाली फायबरची बारीक वायर दबली होती. ते काम दोन मिनिटांचं. मी पुसलेली सेटिंग परत भरायला मात्र तास गेला.

त्यातून मी एक गोष्ट शिकलो. "नेट बंद" हा एकच बिघाड नसतो. नेट तीन टप्प्यांनी येतं: कंपनीपासून तुमच्या डब्यापर्यंत, डब्यात, आणि डब्यापासून फोनपर्यंत. फोनवर वायफायची खूण दिसते म्हणजे फक्त शेवटचा टप्पा ठीक आहे. पुढे नेट आहेच असं नाही. कोणता टप्पा तुटलाय ते आधी शोधा.

१) एकाच फोनवर बंद की सगळ्यांवर? एकाच फोनवर बंद असेल तर दोष फोनचा. वायफाय बंद-चालू करा. नाही झालं तर ते नेटवर्क 'फरगेट' करून पासवर्ड परत टाका. फोनची तारीख-वेळही बघा. ती चुकली असेल तर बऱ्याच साइट उघडत नाहीत.

२) दिवे बघा.
– एकही दिवा नाही: लाइट, बोर्ड किंवा अडॅप्टर. अडॅप्टर दुसऱ्या चालू सॉकेटमध्ये लावून बघा.
– 'एलओएस'चा दिवा लाल: फायबरमधून सिग्नल येत नाही. वायर दबली, मोडली, उंदराने कुरतडली किंवा रस्त्यावर तुटली.
– 'पॉन' हिरवा स्थिर, पण 'इंटरनेट'चा दिवा बंद किंवा लाल: वायर ठीक, अडचण बहुधा खात्यात. आधी प्लॅन संपला का ते बघा. कधीकधी तेच असतं.
– सगळे दिवे ठीक, तरी नेट नाही: पुढची पायरी करा.

३) बंद करून चालू करा, पण नीट. बटण नाही, प्लगच काढा. तीस सेकंद थांबा. मग लावा आणि पाच मिनिटं हात लावू नका. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर आधी डबा, त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर.

४) वायरी तपासा. दोन्ही टोकं 'टक' आवाज येईपर्यंत बसली पाहिजेत. डबे वेगळे असतील तर डब्यातून येणारी वायर राउटरच्या 'वॅन' लिहिलेल्या भोकातच हवी. साफसफाई करताना ती दुसऱ्या भोकात जाते आणि आपण दिवसभर शोधत बसतो.

आपली घरं खाडीकाठची. खाऱ्या हवेने पिना हिरव्या-काळ्या पडतात. राउटर खिडकीत ठेवू नका. अडॅप्टर बदलायचा तर व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनही तशीच हवी.

हे करू नका:
– रिसेटच्या भोकात टाचणी नको. कंपनीचा युजरनेम-पासवर्ड पुसला जातो.
– फायबरची वायर दोरीसारखी मुडपू नका. आत काच असते.
– तिचं टोक काढून डोळ्यासमोर धरू नका. प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा होऊ शकते.

तरीही चालू नाही झालं तर तक्रार करा, तक्रार नंबर लिहून घ्या आणि कोणता दिवा कसा आहे ते सांगा. "नेट बंद आहे" यापेक्षा "एलओएस लाल आहे" म्हटलं की माणूस योग्य सामान घेऊनच येतो.

आणि मुख्य गोष्ट. नेट बंद म्हणजे इशारा नाही, असं कधीही समजू नका. घरात एका तरी फोनवर नेटपॅक ठेवा. नाहीतर शेजारी विचारा, संस्थेत फोन करा, रेडिओ लावा. समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा १५५४ आणि व्हीएचएफ चॅनल १६ आहेच. २०२१ चं तौक्ते आणि २०२३ चं बिपरजॉय आपण बघितलंय. अंदाज बघितल्याशिवाय बोट सोडू नका.

राउटरचा युजरनेम, पासवर्ड आणि ग्राहक क्रमांक आजच वहीत लिहून ठेवा. तांडेल समुद्रात असताना हे सगळं घरच्या बायामाणसांनाच बघावं लागतं, म्हणून त्यांनाही वाचून दाखवा.

– सचिव