स्वतःची काळजी : कार्यकर्त्याचे नैतिक कर्तव्य

संयुत्त निकायातील सेदक सुत्तात तथागतांनी वेळूवर कसरत करणाऱ्या गुरू-शिष्यांची कथा सांगितली आहे. गुरू म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळीन. शिष्य उत्तरतो, प्रत्येकाने आपापला तोल सांभाळला तरच दोघे सुखरूप खाली उतरू. तथागतांनी शिष्याचे म्हणणे योग्य ठरविले. स्वतःला जपणारा इतरांना जपतो आणि मैत्री व क्षमाशीलता यांनी इतरांना जपणारा स्वतःलाही जपतो, असा त्यांच्या उपदेशाचा आशय आहे.

आपल्या चळवळीत मात्र चंदनासारखे झिजणे हाच आदर्श मानला गेला. १० ऑगस्ट १९५१ रोजी बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. डॉक्टर दीर्घ उपचारांचा आग्रह धरीत होते. तरी हिंदू कोड बिल आधी मार्गी लागावे, अशी त्यांची इच्छा होती. मधुमेहाने देह पोखरला असतानाही त्यांचे कार्य थांबले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली आणि अवघ्या ५३ दिवसांनी, वयाच्या ६५ व्या वर्षी, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. त्यांचा त्याग वंदनीयच आहे. परंतु एका माणसावर समाजाने किती भार टाकावा, हा प्रश्न आपणच आपल्याला विचारावयाचा आहे.

आज अमरावती-अकोल्यातील कार्यकर्ता आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या घरी जातो, मेळघाटातील कुपोषित बालकांसाठी धावतो, वसतिगृहात रात्री जागतो. इतरांचे दुःख रोज ऐकणारे मन थकते. थकलेला माणूस चिडतो, ऐकणे सोडतो, चुकीचा निर्णय घेतो. त्याची किंमत दुर्बल माणसाला मोजावी लागते. म्हणून पुरेशी झोप, वेळेवर औषधोपचार, कुटुंबासाठी वेळ आणि मन मोकळे करण्यास विश्वासू सहकारी, ही चैन नव्हे. संस्थांनीही साप्ताहिक सुटी, कामाची वाटणी व दुसरी फळी यांची तरतूद करावी. अन्यथा काळजी घेण्याचा उपदेश पोकळ ठरेल.

देहदंडनाने बोधी मिळत नाही, हे जाणून सिद्धार्थांनी अन्न स्वीकारले व मध्यम मार्ग शोधला. माजी विद्यार्थी बंधू-भगिनींनो, समाजाचे ऋण एका दिवसात फिटणारे नाही. ते आयुष्यभर फेडता यावे, यासाठी स्वतःला जपा.