क्रोशाची सुई आणि श्रमाचें मोल

या पाठांत आम्ही दोन गोष्टी सांगणार आहों. पाण्याच्या भांड्यावरील मणी लावलेलें झांकण क्रोशाच्या सुईनें कसें विणावें ही पहिली, आणि तें विणून झाल्यावर त्याची किंमत कशी ठरवावी ही दुसरी. पहिली गोष्ट आमच्या भगिनींपैकीं पुष्कळ जणींस येते. दुसरी फार थोड्या जणींस येते, आणि तिच्या अज्ञानानें अधिक नुकसान होतें. यास्तव उपदेशक बंधूंनीं हा पाठ बायकांच्या वर्गांत सावकाश वाचून दाखवावा, व हिशेबाचा भाग आला म्हणजे पाटी जवळ घ्यावी.

१. हें काम कोठून आलें

क्रोशे हा शब्द फ्रेंच भाषेंतला असून त्याचा अर्थ लहान आंकडा असा आहे. एक आंकडा आणि एक दोरा, एवढ्यावर हें काम चालतें. माग नको, मोठी जागा नको, भांडवलही थोडें. म्हणून अडचणीच्या दिवसांत तें पुष्कळांच्या उपयोगीं पडलें आहे. १८४५ सालीं आयर्लंड देशांत बटाट्याच्या पिकावर रोग पडला व त्यापुढें कित्येक वर्षें मोठा दुष्काळ झाला. त्या संकटांत, १८४७ सालीं, क्लोन्स गांवच्या पाळकाची पत्नी कॅसँड्रा हँड हिनें गरीब स्त्रियांस क्रोशाचें काम शिकविण्याची तजवीज केली. त्या जाळ्यांच्या विक्रीवर अनेक घरांच्या चुली पेटल्या.

आपल्या देशांत या कामासाठीं नांवाजलेलें ठिकाण म्हणजे आंध्र प्रदेशांत गोदावरीच्या मुखाजवळ असलेलें नरसापूर. तेथें हें काम १९ व्या शतकांत मिशनरी मंडळींनीं नेलें, आणि २०२४ सालीं त्यास भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु या कथेची दुसरी बाजूही आहे. मारिया मीस या जर्मन विदुषीनें नरसापूरच्या विणणाऱ्या बायकांविषयीं १९८२ सालीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. घरकाम सांभाळून त्या बायका दिवसाचे सहा ते आठ तास विणीत असत. कोणी नुसतीं फुलें विणी, कोणी तीं जोडी, आणि माल दलालांच्या हातून परदेशीं जाई. तरी त्या कामकरी आहेत असें कोणी मानीत नसे. घरीं बसून फावल्या वेळीं विणतात, मग त्यांस मजुरी ती कशाची, असा समज होता. आणि त्या समजामुळें त्यांच्या पदरीं फारच थोडें पडे. सुई हातीं आली, पण हिशेब दुसऱ्याच्या हातीं राहिला.

२. झांकण कसें विणावें

साहित्य: १० नंबरचा पांढरा सुती दोरा, त्यास बेताची पोलादी सुई, आणि कांचेचे २४ मणी. मण्याचें भोंक दोरा जाण्याइतकें मोठें असावें. विणण्यास आरंभ करण्यापूर्वींच सर्व मणी दोऱ्यांत ओंवून मागें सरकवून ठेवावे. एकदां काम चालूं झाल्यावर ते ओंवतां येत नाहींत.

टाके तीन प्रकारचे. सुईवरील फांसांतून दोरा ओढून घेतला कीं साखळी होते. सुई खालच्या टाक्यांत घालून दोरा ओढावा व सुईवरील दोन्ही फांसांतून एकदम काढावा, तो मुका खांब. आधीं सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन मग सुई टाक्यांत घातली व दोरा ओढला म्हणजे सुईवर तीन फांस होतात. ते दोन दोन करून दोनदां सोडविले कीं खांब झाला.

प्रथम सहा साखळ्या घालून त्यांचें कडें करावें. पहिल्या फेरीस तीन साखळ्या घालाव्या. त्या एका खांबाच्या ठिकाणीं धरावयाच्या. मग कड्यांत ११ खांब विणावे, म्हणजे एकूण १२ झाले. फेरी संपतांच पहिल्या तीन साखळ्यांच्या टोंकांत सुई घालून दोरा ओढून सांधा करावा. प्रत्येक फेरीचा आरंभ व शेवट असाच. दुसऱ्या फेरीस प्रत्येक खांबावर दोन खांब, एकूण २४. तिसऱ्या फेरीस एका खांबावर एक व पुढच्यावर दोन, एकूण ३६. चवथ्या फेरीस दोन खांबांवर एक एक व तिसऱ्यावर दोन, एकूण ४८. याप्रमाणें दर फेरीस १२ खांब वाढवीत गेलें म्हणजे दहाव्या फेरीस १२० होतात. चकती वाटीसारखी वळूं लागली तर वाढ कमी पडली असें समजावें. कडेस चुण्या पडूं लागल्या तर वाढ अधिक झाली. दोन्ही प्रसंगीं खांब मोजावे, आणि जेथें चुकलें तेथपर्यंत उसवावें.

शेवटीं कांठ. पांच साखळ्या घालून एक मणी सुईजवळ सरकवावा, त्यापुढें एक साखळी घालून तो घट्ट करावा, पुन्हां पांच साखळ्या घालाव्या, आणि पांचव्या खांबांत मुका खांब घालावा. १२० खांबांवर असे २४ झोल येतात, व प्रत्येक झोलांत एक मणी लोंबतो. मण्यांच्या भारानें झांकण वाऱ्यावर उडत नाहीं, आणि भांड्यांत माशी पडत नाहीं. झांकण वरचेवर धुवावें; मळकें झांकण नसलेलें बरें.

३. त्याचा हिशेब कसा करावा

समजा, दोऱ्यास २० रुपये व मण्यांस १५ रुपये लागले, विणावयास ५ तास लागले, आणि झांकण ६० रुपयांस विकलें. बाई म्हणेल, मला २५ रुपये नफा झाला. परंतु तो नफा नव्हे. ती तिच्या पांच तासांची मजुरी आहे, आणि तासाचे केवळ ५ रुपये पडले. हीच बाई निंदणीस जाऊन तासास ४० रुपये मिळवीत असेल, तर पांच तासांचे २०० आणि सामानाचे ३५ मिळून झांकणाची खरी किंमत २३५ रुपये होते.

इतकी किंमत खेड्यांत सहसा कोणी देणार नाहीं, हें आम्ही जाणतों. तरीही हा आंकडा विणणारीस ठाऊक असावा. तो ठाऊक असलेली स्त्री थोडक्या तासांत होणारी विरळ जाळी पसंत करील, दलालास टाळून गिऱ्हाइकास स्वतः विकील, आणि चार जणींशीं बोलून एकच भाव धरील. ज्या गांवीं एक जण ६० सांगते म्हणून दुसरी ५० सांगते, त्या गांवीं दोघीही उपाशी राहतात.

झांकण घरच्यासाठींच विणलें असलें तरी तास लिहून ठेवावे. घरांतील पुरुष मंडळींनीं ते वाचावे. जें काम बसून होतें तें विसांव्याचें आहे, असा समज त्या वाचनानें दूर होईल.

वर्गाकरितां प्रश्न

(१) सहाव्या फेरीस एकूण किती खांब होतात?
(२) चकतीच्या कडेस चुण्या पडल्या तर काय चुकलें असावें?
(३) नरसापूरच्या बायकांस कामकरी कां मानीत नसत?
(४) आपण शेवटीं विणलेल्या वस्तूस किती तास लागले? दर तासास काय पडलें, तें पाटीवर मांडून दाखवा.