रात्री दोनचं काम आठला

अगं, परवा फोनवर रडलीस, तेव्हाच बोलणार होते. पण शेजारी तुझ्या सासूबाई बसल्या होत्या. आता निवांत ऐक.

सहा महिन्यांचं लेकरू रात्रीतून तीनदा उठतं, हा काही आजार नव्हे. आपणही रात्री जागे होतो, कूस बदलतो, सकाळी काही आठवत नाही. लेकराच्या झोपेची एक फेरी जेमतेम तासाभराची. ती संपली की डोळे किलकिले होणारच. आपल्याला परत झोपता येतं, त्याला अजून यायचं आहे, इतकंच. आणि तू काय करतेस? आठ वाजता झोळीत घालून, दोरी ओढून ओढून गाढ झोपवतेस, मग हळूच काढून खाटेवर ठेवतेस. दोनला ते डोळे उघडतं तर झोळी नाही, झोका नाही, तू नाहीस! तू खाटेवर झोपलीस आणि जाग आली आंबागडच्या बुरुजावर, तर गप्प राहशील का?

म्हणून दोनचं काम आठलाच करायचं. पाजलं, ढेकर काढला, दिवा मंद केला, अंगाई झाली की ते पेंगत असतानाच खाली ठेव. उताणं, सपाट अंथरुणावर. राईची उशी नको, तोंडाजवळ गोधडीचा ढीग नको. कुरकुरलं तर छातीवर हात ठेव, थोपट, लगेच उचलू नको. काही लेकरं झोपेतच कण्हतात आणि आपणच धावत जाऊन त्यांना जागं करतो. खरंच रडलं तर मात्र घे. ‘रडू द्या, दार लावून घ्या’ हे एका खोलीच्या घरात जमत नाही, आणि मला पटतही नाही.

पण तुझ्या जावेच्या नुकत्याच जन्मलेल्या बाळाला यातलं काही लावू नका. त्याला दिवस-रात्र अजून कळत नाही, पोट एवढंसं, दर दोन-तीन तासांनी दूध हवंच. रात्री पाजल्यानं आईचं दूधही टिकतं. आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात ना, त्यांना वजन विचारत जा म्हणावं. घरी जाऊन बाळ बघायची ही रीत बंग डॉक्टरांनी आपल्याकडंच, गडचिरोलीत उभी केली. वजन नीट वाढत असेल तर अर्धी काळजी तिथंच मिटते.

तुझी गोष्ट वेगळी. रोवण्याच्या दिवसांत तू दिवसभर धानाच्या बांधीत, लेकरू आजीजवळ. मग ते रात्री वसुली करणारच. घरी आलीस की भांडी राहू दे, आधी त्याला घेऊन बस, पोटभर पाज. सहा महिने झालेत, मऊ भात-वरणही सुरू कर. उकाड्यात कानटोपी घालून झोपवू नको, आणि रात्री पाजताना तो मोबाइल तेवढा उलटा ठेव बाई, उजेडानं लेकरू खेळायला लागतं.

कुणी झोपेसाठी औषधाचे दोन थेंब सुचवेल, त्याला हात जोड. मुंबईच्या गिरणीतल्या बाया एकेकाळी कामावर जाताना लेकराला अफूची बाळगोळी द्यायच्या. तो काळ गेला, पण खोकल्याच्या औषधानं झोपवणारे आहेत. 2025 मध्ये छिंदवाड्याकडची लेकरं खोकल्याच्या विषारी औषधानं गेली, कित्येक नागपूरच्या दवाखान्यात. त्यांना तर खोकल्यासाठीच दिलं होतं. ताप आला, दूध ओढेना, उठवूनही सुस्त पडून राहिलं, तर तुमसरचं उपजिल्हा रुग्णालय गाठ, सकाळची वाट पाहू नको.

आणि दोनला जावईबापूंना उठव. त्यांच्या अंगाला दुधाचा वास नाही, थोपटून झोपवायला तेच बरे. सासूबाईंचं मी बघते, पुढच्या बाजाराला तुमसरला येतेच आहे.